पाळीव सशांची जोडी जमवणे

पाळीव सशांची जोडी जमवणे म्हणजे परस्परांना अनोळखी असलेल्या दोन पाळीव सशांची टप्प्याटप्प्याने ओळख करून देऊन त्यांना एकाच जागेत कायमचे सोबत राहण्यास सरावून घेण्याची प्रक्रिया होय. पाळीव ससा हा समूहात राहणाऱ्या युरोपीय रानसशाचा वंशज असून त्याला स्वजातीय सोबतीची गरज असते. मात्र तो आपल्या हद्दीबद्दल अत्यंत जागरूक असतो. त्यामुळे दोन अनोळखी ससे एकदम एका पिंजऱ्यात सोडल्यास गंभीर, प्रसंगी जीवघेणी मारामारी होऊ शकते. ही प्रक्रिया काही दिवसांत पूर्ण होते किंवा तिला अनेक आठवडे लागतात. प्रस्तुत लेखात प्रक्रियेच्या सर्वसाधारण माहितीसोबत महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील बुलढाणा जिल्ह्याचे हवामान, तेथील घरांची रचना, पशुवैद्यकीय सोयी आणि रानसशांचे अस्तित्व यांमुळे लक्षात घ्याव्या लागणाऱ्या बाबींचाही समावेश आहे.

नाव आणि जातिभेद

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन वेगवेगळ्या प्राण्यांसाठी वापरला जातो. घरोघरी पाळला जाणारा ससा हा ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस या जातीचा आहे. या जातीचे मूळ आयबेरियन द्वीपकल्प आणि त्यालगतच्या फ्रान्सच्या प्रदेशात आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या शेतशिवारात आणि जंगलात आढळणारा रानससा हा लेपस नायग्रिकॉलिस, म्हणजे भारतीय ससा होय. दोघांचे कूळ एकच असले तरी त्यांची प्रजाती वेगळी आहे. पाळीव सशात गुणसूत्रांची संख्या ४४, तर लेपस प्रजातीत ४८ असते आणि त्यांचा संकर होत नाही.

जोडी जमवण्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. पाळीव सशाचे पूर्वज जमिनीखाली बिळांचे जाळे खोदून गटाने राहतात आणि त्यांची पिल्ले जन्मतः केसरहित व मिटल्या डोळ्यांची असतात. रानससा बीळ खोदत नाही. तो गवतात किंवा झुडपाखाली उथळ खळगी करून बहुतांशी एकटा राहतो. त्याची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. त्यामुळे सोबतीची ओढ हा पाळीव सशाचा स्वभाव असला तरी तो रानसशाला लागू होत नाही, आणि या दोन प्राण्यांची जोडी जमवता येत नाही.

वर्तनशास्त्रीय पार्श्वभूमी

युरोपीय रानसशाच्या सामाजिक वर्तनाचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या मध्यावर झाला. ऑस्ट्रेलियात रोमन मायकिटोविच यांनी सशांच्या गंधग्रंथी आणि हद्दीच्या खुणा यांवर संशोधन केले. वेल्समध्ये रोनाल्ड लॉक्ली यांनी केलेल्या निरीक्षणांचे ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ द रॅबिट’ हे पुस्तक १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. सशांच्या गटात नरांची व माद्यांची स्वतंत्र उतरंड असते आणि गटाबाहेरच्या सशाला हुसकावून लावले जाते, असे या अभ्यासांतून दिसून आले.

सशाच्या हनुवटीखाली, गुदद्वाराजवळ आणि जांघेत गंधग्रंथी असतात. हनुवटी वस्तूंवर घासून, लेंड्या पसरून आणि मूत्र उडवून ससा आपली हद्द आखतो. पाळीव ससा पिंजरा, खोली, खाण्याचे भांडे आणि कधी कधी पाळणारी व्यक्ती यांनाही स्वतःच्या हद्दीचा भाग मानतो. नवा ससा त्या हद्दीत आला की त्याच्याकडे घुसखोर म्हणून पाहिले जाते. जोडी जमवण्याच्या सर्व पद्धतींचा पाया यातच आहे: आधी गंधाची ओळख, नंतर कोणाचीही हद्द नसलेल्या तटस्थ जागी भेट आणि शेवटी सामायिक हद्दीची निर्मिती.

घरात मोकळेपणाने व सोबतीसह ससा पाळण्याच्या पद्धतीचा प्रसार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. मॅरिनेल हॅरिमन यांचे ‘हाउस रॅबिट हँडबुक’ १९८५ मध्ये निघाले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ‘हाउस रॅबिट सोसायटी’ ही संस्था स्थापन झाली.

निर्बीजीकरण

जोडी जमवण्यापूर्वी दोन्ही सशांचे निर्बीजीकरण झालेले असणे ही सर्वांत महत्त्वाची पूर्वअट मानली जाते. लहान जातींचे ससे साडेतीन ते चार महिन्यांत, तर मोठ्या जातींचे त्यानंतर वयात येतात. वयात आलेल्या सशांमध्ये हद्दीवरून आक्रमकता वाढते आणि पिल्लेपणी एकत्र खेळणारी भावंडेही एकमेकांवर तुटून पडतात.

अनियंत्रित प्रजननाचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. मादीमध्ये बीजोत्सर्जन समागमामुळे होते, म्हणजे तिला ठरावीक माजाची वाट पाहावी लागत नाही. गर्भकाळ ३० ते ३२ दिवसांचा असतो आणि प्रसूतीनंतर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. लहान वयात नर-मादी ओळखणे अवघड असल्याने ‘दोन माद्या’ म्हणून घरी आणलेली जोडी प्रत्यक्षात नर-मादीची निघणे ही सर्वत्र आढळणारी घटना आहे. नराचे वृषण साधारणतः १० ते १२ आठवड्यांच्या वयात खाली उतरतात. तोवरचे लिंगनिदान पशुवैद्यकाकडून तपासून घेतले जाते.

शस्त्रक्रियेनंतरही नर चार ते सहा आठवडे प्रजननक्षम राहू शकतो. त्यामुळे त्या काळात त्याला निर्बीजीकरण न झालेल्या मादीपासून दूर ठेवतात. मादीच्या निर्बीजीकरणामुळे गर्भाशयाचा कर्करोगही टळतो. उतारवयातील माद्यांमध्ये या रोगाचे प्रमाण लक्षणीय असते. ससा उलटी करू शकत नाही, म्हणून त्याला शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवत नाहीत. कुत्र्या-मांजरांसाठीचा उपाशी ठेवण्याचा नियम सशाला लावल्यास त्याचे पचन मंदावते.

जोडीची निवड

निर्बीजीकरण झालेला नर आणि निर्बीजीकरण झालेली मादी ही जोडी सर्वांत सहज जमते. एकत्र वाढलेल्या दोन बहिणींची किंवा भावांची जोडी टिकू शकते, परंतु वयात येण्याआधी शस्त्रक्रिया झालेली नसल्यास ती मोडण्याची शक्यता असते. अनोळखी प्रौढ अशा दोन नरांची किंवा दोन माद्यांची जोडी जमवणे अधिक कठीण असते. आकार वा रंग यांपेक्षा स्वभाव महत्त्वाचा ठरतो. दोन्ही ससे वर्चस्व गाजवणारे असल्यास प्रक्रिया लांबते.

सशाला सोबत म्हणून गिनीपिग ठेवण्याची पद्धत अयोग्य मानली जाते. दोघांचा आहार आणि हावभाव भिन्न असतात, सशाच्या लाथेने गिनीपिगला इजा होऊ शकते आणि सशाच्या श्वसनमार्गात लक्षणांविना राहणारा बॉर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका हा जिवाणू गिनीपिगमध्ये न्यूमोनिया घडवू शकतो.

प्रक्रियेचे टप्पे

विलगीकरण: नव्या सशाला साधारण दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवतात. या काळात नाक वाहणे, शिंका, कानातील खरूज, त्वचेवरील बुरशी आणि जुलाब यांची तपासणी होते. आधी जुन्या सशाला दाणापाणी देऊन मगच नव्याकडे जाण्याचा आणि हात धुण्याचा क्रम पाळला जातो.

शेजार: यानंतर दोघांचे पिंजरे एकमेकांजवळ, परंतु जाळीतून चावा घेता येणार नाही इतक्या अंतरावर ठेवले जातात. जाळीला लागून पिंजरे ठेवल्यास ओठ, नाक व बोटे फाटण्याच्या जखमा होतात. खाद्य जाळीच्या दोन बाजूंना समोरासमोर ठेवल्याने परस्परांच्या उपस्थितीत निर्धास्त खाण्याची सवय लागते.

गंधाची अदलाबदल: दोघांचे अंथरूण आणि मलमूत्राचे ट्रे आलटून पालटून एकमेकांच्या पिंजऱ्यात ठेवतात. पुढे ससेच एकमेकांच्या पिंजऱ्यात हलवले जातात. जाळीशेजारी पाय पसरून झोपणे हे पुढच्या टप्प्यासाठी अनुकूल लक्षण समजले जाते.

तटस्थ जागेतील भेटी: दोघांपैकी कोणीही कधी वावरलेले नाही अशा जागी पहिली भेट घडवली जाते. ही जागा फार ऐसपैस नसावी आणि अगदी अडचणीचीही नसावी. तेथे दोन्ही बाजूंनी उघडे असलेले पुठ्ठ्याचे खोके, गवताचा ढीग आणि मेथी किंवा कोथिंबिरीच्या काड्या विखरून ठेवतात. एकच दार असलेल्या खोक्यात दुबळा ससा कोंडला जाऊन मार खाण्याचा धोका असतो. पहिली भेट पाच ते पंधरा मिनिटांची असते आणि ती शांततेच्या क्षणी संपवली जाते. रोजच्या भेटींचा अवधी क्रमाने वाढवला जातो.

एकत्र निवास: दोघे काही तास निर्धास्तपणे सोबत राहू लागले की सलग एक ते दोन दिवस देखरेखीखाली एकत्र ठेवून पाहतात. त्यानंतरच त्यांना धुऊन गंधमुक्त केलेल्या व सामानाची मांडणी बदललेल्या कायमच्या जागेत नेले जाते. एकदा सुरळीत एकत्र राहू लागलेल्या सशांना रात्रीपुरतेही वेगळे करत नाहीत.

दोघांना मोटारीत बसवून किंवा धुलाई यंत्रावर ठेवून घाबरवण्याची आणि भीतीपोटी एकमेकांना बिलगायला लावण्याची पद्धत काही ठिकाणी वापरली जाते. भेदरलेला ससा निश्चल होतो आणि ती निश्चलता मैत्री समजली जाते. तीव्र ताणाने सशाचे पचन बंद पडू शकत असल्याने या पद्धतीवर टीका होते.

वर्तनाच्या खुणा

एकमेकांचे कपाळ व कान चाटणे, शेजारी बसून एकाच ढिगातील गवत खाणे, एकाच वेळी अंग साफ करणे आणि अंगाला अंग लावून पडून राहणे ही जोडी जमत असल्याची लक्षणे आहेत. डोके जमिनीशी टेकवून दुसऱ्यापुढे धरणे ही चाटून घेण्याची मागणी असते. ती वारंवार नाकारली गेल्यास मागणारा ससा चिडून चिमटा काढतो. दोघांनी परस्परांकडे दुर्लक्ष करणे हेही आरंभी चांगले चिन्ह मानले जाते.

पाठलाग, किरकोळ केस उपटणे आणि पाठीवर चढणे हे उतरंड ठरवण्याचे स्वाभाविक प्रकार असून ते थोडा वेळ चालू देतात. निर्बीजीकरण झालेल्या माद्याही पाठीवर चढतात. मात्र उलट बाजूने, म्हणजे डोक्याकडून चढणाऱ्या सशाला लगेच खाली उतरवले जाते, कारण खालचा ससा जननेंद्रियाला चावा घेऊ शकतो.

कान मागे पाडणे, शेपूट ताठ करणे, गुरगुरणे आणि पुढच्या पायांनी झडप घालणे या हल्ल्यापूर्वीच्या सूचना होत. दोघे एकमेकांच्या शेपटीमागे वेगाने गोल फिरू लागले तर मारामारी क्षणात जुंपते. ती सोडवण्यासाठी जाड हातमोजे, टॉवेल किंवा मध्ये सरकवण्याजोगी पुठ्ठ्याची फळी हाताशी ठेवली जाते. उघड्या हाताने मध्ये पडणाऱ्यास खोल चावा बसू शकतो. खरी मारामारी झाल्यास काही दिवस भेटी थांबवून गंधाच्या अदलाबदलीपासून पुन्हा सुरुवात केली जाते.

जखमा आणि आजार

सशाच्या दाट केसांखाली चाव्याची जखम सहज दिसत नाही. तेथे काही दिवसांनी गळू होते. सशाचा पू घट्ट असल्याने गळू आपोआप वाहून जात नाही आणि बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून प्रत्येक झटापटीनंतर मान, पाठ, पोट व जननेंद्रियाभोवती केस बाजूला सारून तपासणी केली जाते.

तणावामुळे ससा खाणे सोडतो. सुमारे १२ तास काहीही न खाणे किंवा लेंड्या बंद होणे ही तातडीची वैद्यकीय स्थिती समजली जाते. तोंडावाटे दिलेली पेनिसिलिन गटातील प्रतिजैविके सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू नष्ट करून मृत्यूला कारण ठरू शकतात. कुत्र्यांच्या गोचिडांवर फवारले जाणारे फिप्रोनिल सशासाठी विषारी आहे. त्यामुळे घरात उपलब्ध असलेली इतर प्राण्यांची औषधे सशावर वापरत नाहीत.

बुलढाणा जिल्ह्यातील परिस्थिती

बुलढाणा जिल्हा अमरावती विभागात विदर्भाच्या पश्चिम सीमेवर असून त्यात १३ तालुके आहेत. दक्षिणेकडील बुलढाणा, चिखली, मेहकर हा भाग अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पठारावर म्हणजे बालाघाटात येतो, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हा भाग पूर्णा नदीच्या सखल खोऱ्यात आहे. खोऱ्यातील उन्हाळा पठारापेक्षा अधिक कडक असतो आणि एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते.

सशाला घाम येत नाही. तो मुख्यतः कानांतील रक्तवाहिन्यांवाटे शरीरातील उष्णता बाहेर टाकतो आणि हवेचे तापमान ३० अंशांच्या पुढे गेल्यावर त्याला उष्णतेचा त्रास होऊ लागतो. अशा वेळी पाठलाग आणि झटापट उष्माघाताला निमंत्रण ठरते. त्यामुळे जिल्ह्यात जोडी जमवण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा आहे. ससा पहाटे व सायंकाळी अधिक चपळ असतो. उन्हाळ्यातील भेटी अपरिहार्य असल्यास त्या पहाटेच घेणे इष्ट ठरते. पत्र्याच्या छपराखालील खोली आणि दुपारची गच्ची या काळात वर्ज्य समजावी लागते. ओले गोणपाट पिंजऱ्याच्या बाजूला टांगणे, मातीच्या भांड्यात पाणी ठेवणे आणि बर्फ गोठवलेली बाटली कापडात गुंडाळून देणे हे उपाय उपयोगी पडतात. कूलर लावल्यास खोलीत हवा खेळती ठेवली जाते. कोंदट हवेत मूत्रातील अमोनिया साचून श्वसनाचे विकार बळावतात. पावसाळ्यात ओल्या व मळलेल्या केसांवर माशा अंडी घालतात आणि जखमेत अळ्या पडतात. म्हणून त्या काळात शेपटीखालचा भाग रोज पाहणे आवश्यक असते.

भागातील अनेक घरांत शहाबादी किंवा गुळगुळीत फरशी असते. सशाच्या तळपायाला गादी नसून केवळ केस असल्याने तो अशा फरशीवर घसरतो, घाबरतो आणि घाबरलेला ससा लवकर हल्ला करतो. जागेवर सतरंजी किंवा गोणपाट अंथरल्यास हा अडसर दूर होतो. घरभर मोकळ्या फिरणाऱ्या सशासाठी तटस्थ जागा घरात उरत नाही. अशा वेळी न्हाणीघर, जिन्याखालची बंदिस्त जागा किंवा शेजाऱ्यांची जाळी लावलेली ओसरी वापरता येते. उघड्या अंगणात मांजर, कुत्रा आणि घार यांचे भय असते.

प्रौढ सशाच्या आहाराचा बहुतांश भाग सुके गवत असावा लागतो. शहरांत विकले जाणारे टिमोथी गवत महाग पडते. मात्र फवारणी न झालेल्या बांधावरील हरळी आणि मारवेल यांसारखी गवते वाळवून वापरता येतात. कपाशी व सोयाबीनच्या शेतांलगतच्या गवतावर कीटकनाशकांचा व तणनाशकांचा अंश असण्याची शक्यता असते. लसूणघासात कॅल्शियम जास्त असल्याने ते प्रौढ सशांना रोजचा आहार म्हणून देत नाहीत. कोवळ्या ज्वारीत सायनाइडजन्य विष असते, ते गुरांप्रमाणे सशांनाही धोक्याचे आहे.

सशाची शस्त्रक्रिया व भूल यांसाठी विशेष अनुभव लागतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांचे काम मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांभोवती असते. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था शेजारच्या अकोला शहरात आहे आणि खामगावपासून ती सुमारे ५० किमी अंतरावर आहे. शस्त्रक्रिया शक्य नसल्यास नर-मादी एकत्र न ठेवता कायम शेजारी पिंजऱ्यांत ठेवणे हा पर्याय उरतो. त्यात दोघांना परस्परांचा सहवास गंधातून व दृष्टीतून मिळतो, तरी तो पूर्ण सोबतीची बरोबरी करत नाही.

रानससे आणि कायदा

जिल्ह्यात बुलढाणा-खामगाव मार्गावर सुमारे २०५ चौ. किमी क्षेत्राचे ज्ञानगंगा अभयारण्य, सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा अभयारण्य आणि लोणार सरोवराभोवती लोणार अभयारण्य आहे. भारतीय ससा हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला पकडणे, मारणे किंवा घरी बाळगणे हा गुन्हा आहे.

पिकाच्या कापणीत सापडलेले रानसशाचे पिल्लू पाळीव सशाला सोबत म्हणून घरी नेणे हे कायद्याने आणि पिल्लाच्या दृष्टीनेही चुकीचे ठरते. मादी आपल्या पिल्लांना दिवसाचा बहुतेक काळ एकटे सोडून केवळ दूध पाजण्यापुरती येते. त्यामुळे एकटे दिसणारे पिल्लू अनाथ असतेच असे नाही. त्याला जागीच किंवा लगतच्या बांधावर आडोशाला ठेवून माणसांनी दूर जाणे योग्य असते. जखमी पिल्लाबाबत महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवता येते.

याउलट, जोडी जमली नाही किंवा पिल्ले वाढली म्हणून पाळीव ससे जंगलात सोडणे हाही उपाय नाही. पांढरा ससा दुरून दिसतो, त्याला भक्ष्यकापासून बचावाचा व चारा शोधण्याचा सराव नसतो आणि तो फार काळ जगत नाही. पाळीव प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हे प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये दंडनीय आहे. पाळीव प्राण्यांच्या दुकानांना २०१८ चे नियम लागू असून त्यांनुसार नोंदणी बंधनकारक आहे.

जोडीचा पुढील काळ

चांगली काळजी घेतल्यास पाळीव ससा आठ ते बारा वर्षे जगतो. जमलेल्या जोडीतील एकाला पशुवैद्यकाकडे नेताना दुसऱ्यालाही सोबत नेतात, कारण दवाखान्याचा गंध घेऊन एकटा परतलेला ससा जोडीदाराला परका वाटू शकतो आणि आधी जमलेली जोडी मोडते.

जोडीतील एक ससा मरण पावल्यास दुसरा खाणे कमी करतो, कोपऱ्यात बसून राहतो किंवा जोडीदाराला शोधत फिरतो. मृत सशाचे शरीर काही वेळ त्याच्याजवळ राहू दिल्यास तो ते हुंगतो, चाटतो व हळूहळू दूर होतो आणि त्यानंतर त्याचे शोधत फिरणे कमी होते, असे पाळणाऱ्यांचे निरीक्षण आहे. मृत्यू संसर्गजन्य रोगाने झाला असल्यास मात्र हे टाळतात. उरलेल्या सशाच्या खाण्यावर व लेंड्यांवर पुढील काही दिवस बारकाईने लक्ष ठेवले जाते. तो सावरल्यावर नव्या सोबत्याचा विचार होतो आणि त्या वेळी विलगीकरणापासूनचे सर्व टप्पे नव्याने पार पाडावे लागतात.